लिस्ट नावाच्या वस्तीत

हॅनोव्हरमध्ये मी ज्या भागात राहते त्याचं नाव लिस्ट. मुख्य स्टेशनच्या मागच्या अंगाने लिस्टर माइले नावाचा रस्ता निघतो. बेकऱ्या, पुस्तकांची दुकानं, चष्मेवाले आणि आइस्क्रीमवाले यांच्यामधून रमतगमत तो लिस्टर प्लाट्झला येतो. पूर्वी हे शहराबाहेरचं गाव होतं. १८९१ साली शहराने ते पोटात घेतलं. गावाच्या नावाचा अर्थ इथे कुणी विचारत नाही, जसा पुण्यात वडगावचा कुणी विचारत नाही. पण जर्मन शिकायला लागले तेव्हा शब्दकोशात हाच शब्द समोर आला. तीच अक्षरं, तेच स्त्रीलिंग, आणि अर्थ मात्र चलाखी, कावा, डाव, कपट. इथला माणूस ‘मी लिस्टमध्ये राहतो’ असं सांगतो तेव्हा व्याकरणाच्या हिशेबाने तो ‘मी कपटात राहतो’ असंही सांगत असतो, आणि चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. वस्ती आणि हा शब्द एका नावाचे दोघे, एवढंच. रक्ताचं नातं नाही. माझ्या डोक्यात मात्र त्या दोघांची गाठ कायमची पडली. ट्राममध्ये थांब्याचं नाव पुकारलं की मला ते कुणीतरी दिलेल्या इशाऱ्यासारखं ऐकू येतं.

शब्दाशी खरी झटापट झाली ती गणपतीत. इथल्या मराठी मंडळींनी मुलांकडून ‘आग्र्याहून सुटका’ बसवून घ्यायचं ठरवलं. मुलं इथेच वाढलेली. मराठी समजतं, पण भांडण रंगात आलं की तोंडातून जर्मन बाहेर पडतं. शिवाय समोर बसणार ते त्यांचे शाळासोबती, त्यांचे आईवडील आणि आमचे शेजारीपाजारी. म्हणून निवेदन जर्मनमध्ये ठेवायचं ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मी भाषांतराची कामं करते, आणि ‘ताई, तुला काय, तासाभराचं तर काम’ असं म्हणणाऱ्या माणसांचा कुठल्याही मराठी मंडळात तोटा नसतो.

गोष्ट आपल्या अंगात मुरलेली. १७ ऑगस्ट १६६६. आजारपणाचं निमित्त, दानधर्मासाठी बाहेर जाणारे मिठाईचे पेटारे, आधी प्रत्येक झाकण उचकटून बघणारे आणि मग कंटाळून हात हलवत ‘जाऊ द्या’ म्हणणारे पहारेकरी, पलंगावर पांघरूण ओढून निजलेला हिरोजी फर्जंद. मराठीत हे सांगताना कुठे अडायला होत नाही. शिवाजी महाराजांनी युक्ती केली आणि औरंगजेबाच्या हातावर तुरी दिल्या. आता या तुरी जर्मनमध्ये कशा द्यायच्या? तुरी राहू देत, साधी ‘युक्ती’ कशी द्यायची?

मराठीतून थेट जर्मनला जाणारी वाट माझ्या टेबलावर नाही. मधे इंग्रजीत गाडी बदलावी लागते. म्हणून आधी जर्मन-इंग्रजी कोश उघडला आणि ‘लिस्ट’समोर कोण कोण उभं आहे ते पाहिलं. कनिंग, गाइल, रूझ, ट्रिक, आर्टिफिस, क्राफ्टिनेस. सगळे एका घरचे दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा बसवून बघा. ट्रिक खिशात मावते; जादूगाराची असते, कुत्र्यालाही शिकवता येते. रूझ फ्रेंचांकडून आली, मूळ शिकारीच्या रानातली. पाठलाग चुकवायला जनावर आपल्याच पावलांवरून उलटं फिरतं, ती. गाइल मनाच्या तळाशी असते आणि तिला वास येतो. कनिंग म्हटलं की कोल्हा आलाच. स्ट्रॅटजेम ग्रीक सेनापतीच्या तंबूतून आलेला, म्हणून त्याला गणवेश आहे. इंग्रजीत यांतला कुठलाही एक उचलला की वाचकाला पुढचं वाक्य यायच्या आत समजतं, की सांगणाऱ्याला हा माणूस आवडतो की नाही. निकाल आधी लागतो, साक्षीपुरावा नंतर होतो.

या निकालाने आपल्याला किती छळलं आहे! साताऱ्यात राहून गेलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापला. प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांनी अफझलखानाला मारलं त्यात त्याला विश्वासघात दिसला. मराठी माणसाच्या लेखी तो कावा. पुढे मराठी अभ्यासकांनी बखरी काढल्या, कागद काढले, आधी वार कुणी केला यावर पानंच्या पानं लिहिली. तिथे काय घडलं याच्याइतकाच वाद, जे घडलं त्याला काय म्हणायचं यावर झाला. म्हणूनच मुलांच्या नाटकातला साधा पेटाऱ्यांचा प्रवेश लिहितानासुद्धा हात जरा आखडला. चुकीचा शब्द पडला तर समोर बसलेला जर्मन बाप घरी जाताना आपल्या मुलाला सांगेल, ‘फसवून पळाला तो राजा.’

मग जर्मन कोशातच खोल गेले आणि तिथे मजा दिसली. जर्मन ‘लिस्ट’ स्वतः निकाल देत नाही. निकाल द्यायचा तर तिच्यापुढे एक शब्द जोडावा लागतो. ‘हिंटर’ म्हणजे मागे. तो जोडून ‘हिंटरलिस्ट’ केली की पाठीमागून केलेला दगा. ‘क्रीग’ म्हणजे युद्ध; ‘क्रीग्सलिस्ट’ म्हणजे लढाईतला कावा. ‘आर्ग’ म्हणजे दुष्ट. त्यापासून ‘आर्गलिस्टिग’, आणि हा शब्द तर थेट कायद्यात जाऊन बसला. १९०० सालापासून लागू असलेल्या जर्मन नागरी संहितेत तुम्हाला कुणी ‘आर्गलिस्टिग’ फसवणूक करून करार करायला लावला असेल तर तो रद्द करून घेता येतो. नुसत्या लिस्टमध्येच दुष्टपणा असता तर कायद्याला तो वेगळा लिहावा लागला नसता. युद्धाच्या नियमांतही हीच रेघ आहे. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या पुरवणी करारात क्रीग्सलिस्टला मुभा आहे आणि विश्वास संपादन करून केलेल्या घाताला बंदी. आसपासच्या रानात मिसळून दडणं, हूल देणं, खोटी छावणी उभारणं चालेल. पांढरं निशाण दाखवून गोळी घालणं चालणार नाही.

आपल्याकडे हेच काम एक ‘कु’ करतो. युक्ती आणि कुयुक्ती. युक्तीचं मूळ जोडण्यात आहे. दोन गोष्टी नीट जुळवल्या की युक्ती होते, त्यात पाप कुठून येणार? ते मागाहून, ‘कु’च्या बोटाला धरून येतं.

आणखी एक गंमत. लिस्टचं मूळ जर्मनमध्ये शिकणं आणि शिकवणं यांच्या कुळातलं. जुन्या काळी लिस्ट म्हणजे विद्या, कसब. इंग्रजी कनिंगचं मूळ ‘जाणणं’ यात आहे. क्राफ्टी माणसाच्या नावात कारागिरी आहे. आपली हिकमत अरबीतून आली तेव्हा तिचा अर्थ शहाणपण असा होता. आता ‘मोठा हिकमती आहे हो’ म्हणताना आवाजात कौतुक किती आणि सावधगिरी किती हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. अरबस्तानात, इंग्लंडमध्ये, इथे लायने नदीच्या काठी, सगळीकडे जाणता माणूस घसरत घसरत लबाडाच्या शेजारी येऊन बसला. मला यात लबाडांपेक्षा त्यांच्याकडे बघणाऱ्यांचीच गोष्ट जास्त दिसते. ज्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं त्याच्याबद्दल आधी आदर वाटतो, मग धास्ती, आणि एकदा का त्याच्याकडून खिसा हलका झाला की शब्दाचा अर्थच बदलतो.

विष्णुशर्म्याने ही अडचण ओळखली होती असं मला वाटतं. राजाच्या मठ्ठ मुलांना शहाणं करायचं म्हणून जे पुस्तक रचलं ते डावांनी भरलेलं. कावळ्याची पिल्लं साप खातो. कावळा सापाशी लढत नाही. राजवाड्यातली सोन्याची साखळी उचलतो आणि सापाच्या बिळाशी नेऊन टाकतो. साखळीमागे धावत आलेले शिपाई सापाला मारतात. पंचतंत्रात या करणीला ‘उपाय’ म्हटलं आहे. मराठीत आज उपाय म्हणजे खोकल्यावरचा काढा, गळक्या छपरावरचा पत्रा. शब्द किती सोज्वळ राहिला बघा! हे पंचतंत्र संस्कृतातून जर्मनमध्ये आणलं थिओडोर बेन्फाय यांनी, १८५९ साली. ते गटिंगेनच्या विद्यापीठातले, आणि गटिंगेन तेव्हा हॅनोव्हरच्या राज्यात होतं. म्हणजे आपले कावळे-कोल्हे याच मुलुखात जर्मन बोलायला शिकले. त्यांना इथे परकं वाटलं नसावं, कारण आसपासचा सगळा प्रदेशच डावबाजांचा आहे.

या शहराचं पिण्याचंसुद्धा एक कसब आहे. ल्युट्ये लागे म्हणतात त्याला. एका हातात दोन चिमुकले ग्लास धरायचे, एकात गडद बिअर, दुसऱ्यात धान्याची कडक दारू, आणि दोन्ही एका घोटात प्यायचे. जत्रेच्या मंडपात आमच्या मजल्यावरच्या आजींनी मला ते शिकवलं. बिअरचा ग्लास अंगठा आणि तर्जनीत. दारूचा त्याच्या वर, मधल्या बोटांच्या चिमटीत, असा की त्याची कड बिअरच्या कडेच्या जराशी पुढे यावी. मग हात हळू कलता करायचा. वरची धार खालच्या ग्लासात पडते आणि तिथून दोन्ही मिळून तोंडात. नवख्याची हनुवटी, गळपट्टा, सगळं भिजतं. म्हणून काही ठिकाणी लाळेरंसुद्धा देतात. माझ्याकडून पहिली धार मनगटावरून कोपरापर्यंत गेली तेव्हा आजी म्हणाल्या, ‘मनगट फिरवू नका, बोटं फिरवा. एवढाच तो क्निफ.’ क्निफ म्हणजे खरं तर चिमटा. मराठीत आपण म्हटलं असतं, ‘एवढीच तर त्यात गोम आहे.’ डावाला गुन्ह्याचा वाराही लागलेला नाही, तेव्हाचं हे त्याचं बाळरूप. यात फसतं कोण, तर फक्त आपला सदरा.

फसणाऱ्याकडे बघायची प्रत्येक भाषेची तऱ्हा वेगळी. मराठीत फसलेल्या माणसाला नटवतात. त्याला टोपी घालतात, शेंडी लावतात, मामा बनवतात, तोंडाला पानं पुसतात. तो बिचारा सजूनधजून उभा असतो आणि आपण हसतो. जर्मनमध्ये फसलेल्याला मारहाण होते. त्याला टेबलावरून ओढून नेतात, त्याच्या कानाच्या वर हाणतात, उजेडाच्या मागे नेऊन सोडतात. हसू कमी, ठणका जास्त. आपल्याकडे ठणका यायला फसवणारा जवळचा लागतो. मग मात्र तो केसाने गळा कापतो, आणि तिथे कुणी हसत नाही.

लिस्टमध्येच, माझ्या घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, बाल्सेन या बिस्किट कंपनीची कचेरी आहे. यांची लाइबनिझ बिस्किटं १८९१ पासूनची. बिस्किटाला नाव शहराच्या सर्वांत थोर तत्त्वज्ञाचं, आणि कडेला बरोबर ५२ दात. इंग्रजी ‘केक्स’ हा शब्द जर्मन गिऱ्हाइकांना नीट म्हणता येईना म्हणून बाल्सेनने तो ‘केक्स’ असाच पण जर्मन स्पेलिंगने लिहायला घेतला आणि शब्दकोशाला तो स्वीकारावा लागला. तर या कचेरीच्या दर्शनी भागावर दोन धातूचे पुरुष सोन्याचा मुलामा दिलेलं एक भलंमोठं बिस्किट पेलून उभे असतात. वजन वीसेक किलो. जानेवारी २०१३ मध्ये ते गायब झालं. काही दिवसांनी वर्तमानपत्राकडे पत्र आलं, सोबत फोटो. टीव्हीवरच्या निळ्या बिस्किटखाऊ राक्षसाच्या वेशातलं कुणीतरी सोनेरी बिस्किटाचा चावा घेतंय. मागणी अशी की मुलांच्या रुग्णालयात बिस्किटं वाटा, तीसुद्धा चॉकलेटवाली, आणि प्राण्यांच्या आश्रमाला पैसे द्या. कंपनीने धमकीपुढे मान तुकवायला नकार दिला, पण बिस्किट परत आलं तर ५२ संस्थांना मिळून ५२,००० पुडे देऊ असं जाहीर केलं. ५ फेब्रुवारीला ते सापडलं, लाइबनिझ विद्यापीठासमोरच्या घोड्याच्या पुतळ्याच्या गळ्यात, लाल फितीने बांधलेलं. करणारा शेवटपर्यंत मिळाला नाही.

आता याला काय म्हणाल? पोलिसांच्या वहीत ती चोरी आणि खंडणी. गल्लीत मात्र सगळे ‘श्ट्राइष’ म्हणत होते, म्हणजे खोडी. याच मुलुखात वाढलेल्या विल्हेल्म बुशने १८६५ साली मॅक्स आणि मोरित्झ या दोन वांड पोरांच्या सात खोड्या चितारल्या. त्याच्या नावाचं संग्रहालय इथे हेरेनहाउझेनच्या वाटेवर आहे. श्ट्राइषचा मूळ अर्थ फटका. बुशने तो मुळीच विसरू दिला नाही: त्या पोरांना शेवटी गिरणीत दळतात आणि बदकं त्यांचा चारा करतात. सोनेरी बिस्किटाच्या बाबतीत फटका कुणाला बसलाच नाही. ज्याचं गेलं त्याला परत मिळालं, शिवाय जगभर नाव झालं. मुलांना खाऊ मिळाला. म्हणून शहराने चोरीला खोडी म्हटलं. डावाचं नाव करणारा ठरवत नाही. त्याची किंमत कुणी मोजली यावरून ते ठरतं, असं मला तेव्हापासून वाटायला लागलं.

हॅनोव्हरच्याच एका सुपुत्राची गोष्ट या मापाने मोजून बघावी. रुडॉल्फ एरिख रास्पे, जन्म १७३६. तो काही बाजारबुणगा नव्हता. ज्या ग्रंथालयात लाइबनिझने आयुष्य काढलं तिथेच तो कामाला होता. लाइबनिझचं इंग्रज तत्त्वज्ञ लॉकला दिलेलं उत्तर, जे साठेक वर्षं कागदांत पडून होतं, ते त्याने १७६५ साली छापून काढलं. भूगर्भशास्त्रातलं काम बघून लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. शिवाय कासेलच्या राजाने त्याला आपल्या नाण्यांचा आणि रत्नांचा संग्रह सांभाळायला ठेवलं. कुंपणानेच शेत खाल्लं. कर्ज वाढलं तसे संग्रहातले नग बाहेर जाऊ लागले आणि १७७५ साली हा विद्वान जो पळाला तो थेट इंग्लंडला. हॅनोव्हरचा शासक तेव्हा इंग्लंडचाही राजा होता, १७१४ पासून १८३७ पर्यंत; वाट मळलेली होती. रॉयल सोसायटीने त्याचं नाव कापलं. त्याच सुमारास जर्मन ‘श्विंडलर’ इंग्रजीत ‘स्विंडलर’ होऊन स्थायिक होत होता. श्विंडेल म्हणजे मुळात भोवळ. गरगरायला लावणारा तो श्विंडलर. कोकणातला माणूस याला चकवा म्हणेल: रात्री रानात लागतो, आणि पहाटेपर्यंत माणूस एकाच वडाभोवती फिरत राहतो.

पैशाची चणचण असलेल्या या रास्पेने १७८५ साली एक चोपडं काढलं, नाव न घालता. त्यात एक जर्मन सरदार आपल्या मोहिमांच्या लोणकढ्या थापा मारतो. सरदाराचं नाव म्युन्शहाउझन. गंमत अशी की हा सरदार खराखुरा होता आणि जिवंतही. वेझर नदीकाठच्या बोडेनवेर्डरचा, रशियाच्या सैन्यात नोकरी करून आलेला, जेवणानंतर पाहुण्यांना शिकारीच्या गोष्टी रंगवून सांगणारा. पुढच्याच वर्षी गटिंगेनच्या ब्युर्गर नावाच्या कवीने ते चोपडं जर्मनमध्ये आणलं. त्यानेही नाव घातलं नाही, आणि छापलं गटिंगेनला पण मुखपृष्ठावर टाकलं लंडन. भाषांतर करता करता त्याने पदरच्या थापाही घातल्या. दलदलीत रुतलेला सरदार आपल्याच शेंडीला धरून स्वतःला घोड्यासकट वर उपसतो, ही जगप्रसिद्ध थाप ब्युर्गरची. अनुवादकाने मुळात नसलेलं घुसवावं आणि तेच अजरामर व्हावं, याचा आमच्या धंद्यातल्या कुणालाही हेवा वाटेल.

मी ही पुस्तकं हसून हसून वाचली आहेत. पण बोडेनवेर्डरला गेलं की अर्ध्या घोड्याचं कारंजं बघताना त्या म्हाताऱ्याची आठवण येते. आपल्या घरी, आपल्या माणसांत, आपल्या मद्याबरोबर मारलेल्या गप्पा कुणीतरी उचलल्या, समुद्रापार नेल्या, परक्या भाषेत छापल्या आणि दुसऱ्याने वाढवून घरी परत आणल्या. तो ‘थापाड्या सरदार’ झाला. लोक त्याला बघायला येऊ लागले. त्याने घरात कोंडून घेतलं, चिडला, आणि १७९७ साली मेला. रास्पे त्याआधीच, १७९४ मध्ये, आयर्लंडमध्ये वारला होता; पुस्तक त्याचं होतं हे जगाला फार उशिरा समजलं. रत्नांची चोरी झाली तेव्हा राजाच्या तिजोरीला खार लागला, त्याला सगळ्यांनी गुन्हा म्हटलं. एका माणसाचं नाव चोरलं गेलं, त्याला सगळे साहित्य म्हणतात. मीही म्हणते. पण शब्द कोण वाटतो आणि किंमत कोण भरतो हे तिथे फार स्पष्ट दिसतं.

लोकलने पाऊण तासावर हामेल्न आहे, पुंगीवाल्याचं गाव. १२८४ सालच्या जूनच्या २६ तारखेला एक पुंगीवाला गावातली १३० मुलं घेऊन गेला, असं जुन्या नोंदी सांगतात. त्या जुन्या नोंदींत उंदीर नाहीतच. उंदीर, ठरलेली बिदागी आणि ती बुडवणारे गावकरी हे गोष्टीत आले सोळाव्या शतकात. आधी नुसतं दुःख होतं; त्याला कारण मागाहून जोडलं गेलं, आणि जोडताना दोष गावाच्या पदरात पडला. आज फसवणारा कोण हे विचारलं तर शाळेतलं पोरही थांबून विचार करतं. कायदा मात्र थांबणार नाही. आई-बापांपासून मुलं दूर नेण्याचा गुन्हा जर्मन फौजदारी संहितेच्या २३५ व्या कलमात आहे. बळजबरीने, धमकीने किंवा ‘लिस्टने’. पुंगीवाल्यावर कलम तयार आहे, अगदी त्याच शब्दासकट. ज्या वाटेने मुलं गेली म्हणतात त्या गल्लीत आजही वाद्य वाजवत नाहीत. एवढ्या शतकांनंतरही गावाने त्या घटनेला लिस्ट म्हटलं की आणखी काही, यापेक्षा गल्लीतली ती बंदीच मला जास्त सांगून जाते.

पेटाऱ्यांच्या प्रवेशात मी शेवटी ‘लिस्ट’ हाच शब्द घातला, मागेपुढे काही न लावता. निकाल बघणाऱ्यांनी द्यावा. तुरीच्या जागी दुसरं काही शोधत बसले नाही. पण निवेदन तिथे संपवावंसं वाटेना. महाराज निसटले त्याची किंमत आग्र्यात मागे राहिलेल्यांनी मोजली. त्र्यंबकपंत डबीर आणि रघुनाथपंत कोरडे पकडले गेले, त्यांचे हाल झाले. पुढे ते सुटले. आपण गोष्ट सांगतो तेव्हा पेटारे आग्र्याबाहेर पडले की थांबतो. मी दोन वाक्यं वाढवली आणि त्या दोघांची नावं घातली.

तालमीत त्यावर वाद झाला. एका काकांचं म्हणणं, ‘ऐन टाळीच्या वेळी हे रडगाणं कशाला?’ हिरोजी झालेल्या मुलाने मात्र पांघरुणातून डोकं काढून विचारलं, ‘म्हणजे मी पकडला गेलो का?’ नाही म्हटलं तेव्हा तो जरा हिरमुसला आणि मग विचारू लागला की त्या दोघांना आधी ठाऊक होतं का, आणि ठाऊक असून ते थांबले का. दिग्दर्शन करणाऱ्या वहिनींनी त्याला परत पलंगावर झोपवलं, पण वाक्यं राहिली. प्रयोगानंतर एका जर्मन बाबांनी मला त्या दोघांची नावं कागदावर लिहून मागितली, राजाचं नाव नाही.

पुढच्या वर्षी अफझलखान करायचा म्हणतात, आणि निवेदन पुन्हा माझ्याकडेच येणार हे दिसतंय. त्याआधी मी ते मराठीत दोनदा लिहून बघणार आहे, एकदा प्रतापगडावरून आणि एकदा खानाच्या छावणीतून. जर्मनला हात त्यानंतर.